देगलूरएवढं लांब, साताऱ्याएवढं जवळ

पोरांनो, आधी एक कोडं घालतो, मग गोष्ट.

आपल्या कोरेगाव भीमाहून नाकासमोर पूर्वेला निघायचं. उत्तरेला सरकायचं नाही, दक्षिणेलाही नाही. वाटेत काय काय लागेल? श्रीगोंदा लागेल, जामखेड लागेल, मग केज, अंबाजोगाई, अहमदपूर, मुखेड. आणि तेलंगणाची हद्द दिसू लागली की देगलूर. ही सगळी गावं जवळजवळ एकाच आडव्या रेघेवर ओवलेली आहेत, नकाशावर पट्टी ठेवून बघा. पाखरू उडतं तसं सरळ मोजलं, तर कोरेगाव ते देगलूर साधारण ३७० किलोमीटर भरतं. आपण आहोत ७४ रेखांशावर, देगलूर साडेसत्याहत्तरच्या आसपास. म्हणजे रेखांशातला फरक किती? साडेतीन अंश.

आता कोडं असं. जगात दोन विमानतळ आहेत. त्यांच्या रेखांशांतला फरकही साडेतीन अंशांचाच, थोडासाच जास्त. तरी त्यांच्यातलं पूर्व-पश्चिम अंतर जेमतेम ऐंशी किलोमीटर आहे. हे कसं?

मुक्ता म्हणते, मोजणाऱ्याची चूक असेल. नाही गं बाळा, मोजणी अगदी बरोबर आहे. घरात संत्रं असेल तर घेऊन ये. सोल ते. बघ, प्रत्येक फोड मधोमध किती रुंद आहे, आणि देठाकडे येता येता कशी निमुळती होत जाते. सगळ्या फोडी शेवटी एका टोकात मिळतात. पृथ्वीवरच्या रेखांशांचं तसंच आहे. विषुववृत्तावर एका अंशाची रुंदी १११ किलोमीटर. आपल्या कोरेगावात ती १०५ वर आलेली असते. वर वर जावं तशी ती आटत जाते आणि उत्तर ध्रुवावर शून्य होते. आपले दोन विमानतळ इतके वर आहेत की तिथं एक अंश म्हणजे फक्त बावीस किलोमीटर.

त्यांची नावं सांगतो. एक लाँगइयरब्येन, दुसरं न्यू-ऑलेसुंड. दोन्ही स्वालबार्ड नावाच्या द्वीपसमूहात. नॉर्वेच्या उत्तर टोकावरून समुद्र ओलांडून आणखी वर गेलं की हा मुलूख लागतो. लाँगइयरब्येन ७८ अंशांच्या जरा वर, न्यू-ऑलेसुंड ७९ ला टेकलेलं. तिथून उत्तर ध्रुव उरतो बाराशे-तेराशे किलोमीटर. आपल्या कोरेगावाहून ध्रुव जवळजवळ आठ हजार किलोमीटर आहे, म्हणजे बघा ते किती वर बसलेत.

ओंकार, तू परवा पायथागोरसचं प्रमेय घोकत होतास ना? ते इथं कामी येतं. न्यू-ऑलेसुंड हे लाँगइयरब्येनच्या पश्चिमेला ७९ किलोमीटर आणि उत्तरेला ७६ किलोमीटर. दोघांचे वर्ग कर, बेरीज कर, वर्गमूळ काढ. आलं ११०? बरोबर. एवढ्या छोट्या अंतराला पृथ्वीचा गोलपणा फारसा आड येत नाही, म्हणून सपाट वहीवरचं प्रमेयही चालून जातं. ११० किलोमीटर म्हणजे आपल्या गावाहून सातारा. सरळ रेषेत जवळपास तेवढंच. आपण साताऱ्याला जातो तेव्हा वाघोलीची गर्दी, पुणं, कात्रज, खंबाटकी करत अर्धा दिवस मोडतो. तिथलं छोटं विमान हे अंतर वीस-पंचवीस मिनिटांत कापतं.

आणि विमानाशिवाय फार पर्याय नाहीत. या दोन गावांना जोडणारा रस्ताच नाही. मध्ये डोंगर, हिमनद्या आणि जमिनीत आत घुसलेले समुद्राचे चिंचोळे फाटे. उन्हाळ्यात बोटीनं वळसा घालून जाता येतं, हिवाळ्यात बर्फावरच्या स्कूटरनं. दोन्हीला तासन्‌तास लागतात.

आता शाळेतल्या भिंतीवरचा जगाचा नकाशा आठवा. ज्यात ग्रीनलँड आफ्रिकेएवढा दिसतो, तो. गेरार्डस मर्केटर नावाच्या माणसानं १५६९ मध्ये नकाशा काढायची ही रीत आणली. जहाजवाल्यांना ती फार सोयीची, कारण होकायंत्राची दिशा धरून चाललं की नकाशावर सरळ रेघ उमटते. पण त्यासाठी त्यानं काय केलं? निमुळत्या होत जाणाऱ्या फोडी ओढून-ताणून वरपर्यंत सारख्या रुंदीच्या केल्या. आडवं ताणलं म्हणून उभंही ताणावं लागलं. त्यामुळे नकाशात जितकं वर जाल तितकं सगळं फुगलेलं. स्वालबार्ड आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाएवढा आहे, पण त्या नकाशावर तो महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा दिसतो. ११० किलोमीटरचा आपला प्रवास बोटानं मोजायला गेलात तर पाचशेच्या वर वाटेल. मला या नकाशाचा राग नाही. त्यानं समुद्रावरची कितीतरी माणसं सुखरूप घरी आणली. पण अंतर मोजायला तो वापरायचा नाही, हे मात्र प्रत्येक मुलाला शाळेतच सांगायला हवं.

अंतर मोजायला लागतो पृथ्वीगोल आणि दोरा. कपाटावरचा गोल खाली काढा. आजीच्या डब्यातला दोरा आणा. एक टोक पुण्याजवळ धरा, दुसरं स्वालबार्डवर, आणि दोरा ताणा. गोलावर ताणलेला दोरा आपोआप सगळ्यात जवळची वाट धरतो. कुठून जातो बघा. अबूच्या डोंगराजवळून, राजस्थानच्या वाळवंटावरून, मग पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या डोंगरांवरून ताजिकिस्तानात दुशान्बेजवळ. पुढे कझाकस्तानची गवताळ मैदानं, मग उरल पर्वताशी येकातेरिनबुर्ग, आणि शेवटी बॅरेंट्स समुद्र ओलांडून स्वालबार्ड. कोरेगाव ते न्यू-ऑलेसुंड, सुमारे ७,४०० किलोमीटर. मोठ्या प्रवासी विमानाला ताशी नऊशेचा वेग धरला, तर आठ-साडेआठ तासांचं काम.

पण असं विमान कुणी सोडत नाही. विमान दोऱ्यावरून जात नाही, ते जिथं माणसं जातात तिथं जातं. म्हणून आपल्याकडचा माणूस आधी मुंबई किंवा दिल्ली गाठतो, मग आखातातून नाहीतर युरोपातल्या एखाद्या मोठ्या शहरातून ऑस्लो. ऑस्लोहून लाँगइयरब्येन अजून दोन हजार किलोमीटर, तीन तास. म्हणजे ऑस्लोला पोचून ‘आलो एकदाचे नॉर्वेत’ म्हणावं, तर पुणे-कोलकात्याहूनही लांबचा प्रवास अजून बाकीच असतो. आणि त्या शेवटच्या ११० किलोमीटरसाठी हवामानाची मर्जी लागते.

लाँगइयरब्येनचा विमानतळ १९७५ मध्ये सुरू झाला. नियमित प्रवासी विमानं जातात अशा विमानतळांत जगातला सगळ्यात उत्तरेकडचा हाच. तो ज्या जमिनीवर बांधलाय ती कायमची गोठलेली. जमिनीतलं पाणीच बर्फ झालेलं, त्यामुळे ती दगडासारखी टणक. अडचण उन्हाळ्यात येते. वरचा थर वितळतो, माती खचते, थंडीत पुन्हा गोठून फुगते. धावपट्टीला मग उंचवटे येतात, खळगे पडतात, आणि दुरुस्ती करत राहावी लागते. जग तापतंय तसा हा वितळणारा थर आणखी खोल जातोय.

इथून न्यू-ऑलेसुंडला जायला वर्षानुवर्षं डॉर्नियर २२८ नावाचं विमान वापरात आलंय. दोन पंख्यांचं, एकोणीस माणसांपर्यंतचं. हे नाव ऐकून तुम्हाला काही वाटणार नाही, पण मला ते ऐकलं की बरं वाटतं, कारण मूळ जर्मन असलेलं हेच विमान आपल्याकडे कानपूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बनतं. आपलं तटरक्षक दल आणि नौदल ते किनाऱ्यावर गस्तीला वापरतात. त्याची करामत म्हणजे त्याला धावायला फार जागा लागत नाही. लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटरची आहे. न्यू-ऑलेसुंडची? आठशे मीटर, आणि तीही डांबराची नव्हे, खडीची. मोठं जेट तिथं उतरूच शकणार नाही. पंखेवालं हलकं विमान मात्र हळू येतं, टेकतं आणि खडीवर खडखडत थांबतं.

ते पंचवीस मिनिटांचं उड्डाण कसं असतं, ऐका. विमान फार उंच जात नाही. खाली आधी इस्फ्योर्ड, म्हणजे समुद्राचा रुंद फाटा, काळपट निळा. मग डोंगर सुरू होतात. झाड एकही नाही. स्वालबार्डमध्ये आपल्यासारखं उभं झाड नाहीच, तिथला ध्रुवीय विलो जमिनीला चिकटून वाढतो, तुमच्या घोट्याएवढाही उंच होत नाही. डोंगरांच्या मधून हिमनद्या उतरलेल्या, पाठीवर आडव्या भेगा, आणि कडेनं दगडमातीचे काळे पट्टे. हिमनदी चालताना डोंगर खरवडते आणि तो खरवडलेला माल सोबत ओढत आणते, त्याचे ते पट्टे. मग उजव्या अंगाला तीन सुळके दिसू लागतात, वर बर्फ आणि खाली खडकाचे आडवे थर. त्यांना ‘तीन मुकुट’ म्हणतात. ते दिसले की कोंग्सफ्योर्ड आला, आणि त्याच्या दक्षिण काठावर रंगीत लाकडी घरांचा पुंजका, तेच न्यू-ऑलेसुंड. धुकं बसलेलं असेल तर यातलं काही दिसत नाही. उड्डाण पुढे ढकललं जातं, आणि माणसं लाँगइयरब्येनलाच थांबून राहतात. म्हणून तिकडे गेलेला माणूस ‘पंचवीस मिनिटं लागतात’ असं म्हणत नाही. ‘हवा असेल तर पंचवीस मिनिटं’ असं म्हणतो.

या प्रवासात एक नवल असं आहे की ते मला कितीदा सांगितलं तरी पुरत नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, चोवीस तासांत एक फेरी. कोरेगावची जमीन, आपलं घर, भीमेचं पात्र, हे सगळं या क्षणी ताशी सुमारे १,५८० किलोमीटरनं पूर्वेकडे धावतंय. आपल्याला सूर्याशी शर्यत लावायची असेल, म्हणजे सूर्य आभाळात आहे तिथंच उभा राहावा असं वाटत असेल, तर पश्चिमेला ताशी १,५८० नं उडायला हवं. लोहगावचं सुखोई ते करू शकेल, ध्वनीच्या वेगापुढे जाणारं लढाऊ विमान आहे ते. प्रवासी विमानाच्या आवाक्यातलं हे काम नाही. आता न्यू-ऑलेसुंडला या. तिथलं अक्षवृत्त केवढुसं वर्तुळ, साडेसात हजार किलोमीटरच्या जरा वर. त्याला चोवीसनं भागा. ताशी ३२०! आपलं छोटं डॉर्नियर याहून जोरात उडतं. म्हणजे दोन पंख्यांचं ते विमान तोंड पश्चिमेकडे करून उडालं, तर सूर्याला मागे टाकू शकतं. मार्चमधली संध्याकाळ आहे, सूर्य नुकताच बुडालाय, आणि विमान पश्चिमेला सुटलंय असं समजा. सूर्य पश्चिमेकडून परत वर येताना दिसेल. सुखोईला जे जमतं ते तिथं डॉर्नियरला जमतं. विमान जास्त वेगवान झालेलं नाही, पायाखालचं वर्तुळ लहान झालंय.

मुक्ता विचारते, मग तिथं वाजतात किती? चांगला प्रश्न. ध्रुवाजवळ सगळे रेखांश एकवटतात, तर सगळ्या वेळाही एकवटायला हव्यात. पण माणसाला घड्याळ लागतं, म्हणून स्वालबार्ड नॉर्वेची वेळ पाळतं. आपण त्यांच्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. सूर्याला मात्र त्या घड्याळाशी देणंघेणं नाही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो मावळत नाही, नुसता आभाळात गोल फिरतो. ऑक्टोबरच्या अखेरीस जो जातो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही.

आता जुनी गोष्ट. न्यू-ऑलेसुंडला खडीची धावपट्टी नव्हती तेव्हाची. गावाबाहेर लोखंडी जाळीचा एक उंच खांब आहे, आजही उभा आहे. त्याला १९२६ मध्ये एक वायुनौका बांधली होती. वायुनौका म्हणजे हायड्रोजन भरलेली, शंभर मीटरहून लांब पिशवी, खाली इंजिनं आणि माणसांना बसायला खोली. तिचं नाव ‘नोर्गे’. तिच्यात सोळा माणसं. नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन, जो १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर सगळ्यांच्या आधी पोचला होता, तो. वायुनौका बांधणारा आणि चालवणारा इटलीचा उंबेर्तो नोबिले. अमेरिकेचा लिंकन एल्सवर्थ, ज्यानं पैसा उभा केला. आणि नोबिलेची लाडकी कुत्री, टिटिना.

११ मे १९२६ ला सकाळी ‘नोर्गे’ निघाली. जायचं होतं उत्तर ध्रुवावरून पलीकडे अलास्काला. दोरा लावून मोजलं तर न्यू-ऑलेसुंड ते अलास्कातलं टेलर हे गाव सुमारे चार हजार किलोमीटर. पहिला टप्पा छान गेला. सोळा-एक तासांत ते ध्रुवावर, १२ मेच्या पहाटे. म्हणजे ताशी ऐंशी किलोमीटर, आपल्या नगर रस्त्यावर मोकळ्यात गाडी चालते तेवढा वेग. वरून तिन्ही देशांचे झेंडे खाली टाकले. आता ओंकार, तू हिशोब कर. ध्रुवापासून टेलर २,७५० किलोमीटर. त्याच वेगानं गेले तर किती तास? पस्तीसच्या आत. बरोबर. आणि खरं किती लागले? पन्नासाहून जास्त.

का लागले? ध्रुवापलीकडे धुकं लागलं. धुक्यातले बारीक थेंब शून्याखाली गेलेले असतात, पण गोठलेले नसतात, ते कशाला तरी चिकटायची वाट बघत असतात. ते वायुनौकेच्या अंगावर बसले की तत्क्षणी बर्फ. पंख्यांवर बर्फाचे थर चढले, तुटले, आणि फिरत्या पात्यांनी ते तुकडे गोळ्यांसारखे पिशवीवर फेकले. कापडाला भोकं पडू लागली. आत हायड्रोजन! माणसं आळीपाळीनं ठिगळं लावत होती. वारा आडवा, बिनतारी संदेश यंत्र गप्प. जायचं होतं नोम नावाच्या गावाला, तिथं पोचणं जमेना, म्हणून १४ मेला टेलरपाशी उतरले. सोळाही माणसं सुखरूप, टिटिनाही. आजचं जेट हेच अंतर पाच तासांच्या आत कापेल.

पुण्याला पाषाण रस्त्यावर उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी भारतीय संस्था आहे, आयआयटीएम. तुम्ही म्हणाल, उष्णदेशीय हवामानवाल्यांचं ध्रुवावर काय काम? काम आहे. न्यू-ऑलेसुंडला भारताचं एक केंद्र आहे, ‘हिमाद्री’. ऑगस्ट २००७ मध्ये आपली पहिली आर्क्टिक मोहीम गेली आणि १ जुलै २००८ ला हिमाद्री सुरू झालं. ते चालवते गोव्याची संस्था, वास्कोला समुद्राकाठच्या टेकडीवर असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि समुद्र संशोधन केंद्र. आधी आपली माणसं बहुतेक उन्हाळ्यातच जायची. डिसेंबर २०२३ मध्ये पहिली हिवाळी मोहीम निघाली, त्या काळोख्या महिन्यांत काम करायला, आणि पहिल्या तुकडीत पुण्याच्या या संस्थेचाही शास्त्रज्ञ होता.

ते बघतात काय? बर्फ पांढरा असतो तोवर ऊन परत आकाशात पाठवतो. तो वितळला की खालचा काळा समुद्र तेच ऊन पिऊन तापतो, आणि तापला की आणखी बर्फ वितळवतो. म्हणून आर्क्टिक बाकीच्या जगापेक्षा कितीतरी जास्त वेगानं तापतंय. तिथली हवा तापली की वरच्या थरातल्या वाऱ्यांच्या लाटा बदलतात, आणि त्या लाटा हजारो किलोमीटर लांब असतात. गोव्याच्या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये एक नातं दाखवलं. रशियाच्या उत्तरेला कारा समुद्र आहे, मघाशी दोरा जिथून गेला त्याच्या जरा पूर्वेला. तिथला उन्हाळी बर्फ कमी होणं आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टी होणं, यांचा संबंध असावा असं त्यांच्या अभ्यासात दिसलं. ‘असावा’ हा शब्द नीट ऐका, शास्त्रज्ञ तो जपून वापरतात. पण सप्टेंबरात आपल्या शिवारात कांद्याची रोपं असतात, बाजरी कापणीला आलेली असते. तेव्हा कोसळणाऱ्या पावसाचा धागा तिकडे कुठं जातो का, हे शोधायला माणसं ७,४०० किलोमीटर जातात, तर ते आपल्यासाठीच जातात.

त्या गावात गेल्यावर पहिली गोष्ट काय करायची? मोबाइलचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद. कारण तिथं नॉर्वेच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणी आहेत, आणि फोनचे तरंग त्यांच्या कामात अडथळा आणतात. आपल्या जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या आहेत ना, जीएमआरटीच्या, त्या जातीच्या, पण लहान. अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या खगोलांचे रेडिओतरंग जगभरच्या अशा अनेक दुर्बिणी एकाच वेळी टिपतात. कुणाकडे तरंग क्षणाचा किती बारीक भाग आधी आला, हे अणुघड्याळावर बघतात, आणि त्यावरून दोन दुर्बिणींमधलं अंतर मिलिमीटरपर्यंत काढतात. अशा मोजण्यांतून आणि उपग्रहांवरून काय कळलं माहितीये? अंतरं स्थिर नाहीत. आपला भारत अजून उत्तरेला सरकतोय, आशियात घुसतोय, त्याच रेट्यानं हिमालय उभा राहिलाय. न्यू-ऑलेसुंड त्या पलीकडच्या युरेशियाच्या भूपट्टावर आहे. म्हणजे कोरेगाव आणि न्यू-ऑलेसुंड दरवर्षी काही सेंटिमीटरनं एकमेकांजवळ येतायत. मुक्ता, तुझा जन्म झाला तेव्हापेक्षा आज ते गाव आपल्याला हातभर जवळ नसेल, पण वीतभर नक्की असेल.

आता माझा सगळ्यात आवडता उतारू. भीमेवर, खाली दौंडकडे आणि भिगवणच्या पाणसाठ्यावर, एक पक्षी दिसतो. राखाडी-पांढरा, डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच, लाल पाय, शेपूट दुभंगलेलं. पाण्यावर तरंगत तरंगत एकदम खाली झेपावतो आणि मासा उचलतो. नदी सुरय. हा बारमाही आपलाच. याचा एक भाऊबंद न्यू-ऑलेसुंडला घरटं करतो, आर्क्टिक सुरय. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. तो उन्हाळा ध्रुवाजवळ काढतो, आणि तिथं काळोख येऊ लागला की निघतो थेट दुसऱ्या ध्रुवाकडे, अंटार्क्टिकाला, कारण तेव्हा तिकडे उन्हाळा. वर्षात दोन उन्हाळे! एवढा उजेड दुसऱ्या कुठल्याच प्राण्याच्या वाट्याला येत नाही.

ग्रीनलँड आणि आइसलँडमधल्या अकरा सुरयांच्या पायांना शास्त्रज्ञांनी दीड ग्रॅमहून हलकी यंत्रं बांधली होती. ती उजेड नोंदवत. दिवस किती मोठा यावरून अक्षांश, माध्यान्ह कधी यावरून रेखांश. २०१० मध्ये निकाल छापून आले. वर्षाला सरासरी सत्तर हजार किलोमीटर! आणि वाट सरळ नाही. दोरा ताणल्यासारखी तर मुळीच नाही. परतताना त्यांनी अटलांटिकवर इंग्रजी एस अक्षरासारखं मोठं वळण घेतलं, हजारो किलोमीटरचा वळसा. का? कारण तिकडून वारा पाठीशी लागतो. जाताना सरासरी ९३ दिवस, येताना फक्त ४०.

ओंकारला वाटतं, जाताना आळस करत असतील. नाही रे. जाताना ते उत्तर अटलांटिकमध्ये जवळजवळ महिनाभर थांबले, जिथं मासळी भरपूर तिथं, पुढच्या वाटेची तयारी म्हणून. येताना मात्र घाई. घरट्याची जागा धरायची असते, आणि तिथला उन्हाळा पिल्लं वाढवायला जेमतेम पुरतो.

न्यू-ऑलेसुंडमध्ये ही घरटी कुठं असतात? जमिनीवर, खडीत, पायवाटेच्या कडेला, अगदी घरांमध्ये. अंडी खडीच्याच रंगाची. माणूस जवळ आला की सुरय ओरडत येतो आणि डोक्यात टोचा मारतो, रक्त काढतो. जो दोन ध्रुवांमधला समुद्र दरवर्षी ओलांडतो तो माणसाला कशाला भिईल? पण त्याची एक खोड आहे. तो सगळ्यात उंच असेल तिथं टोचतो. म्हणून तिथली माणसं काठी हातात धरून ती डोक्याच्या वर उभी ठेवून चालतात. सुरय काठीच्या टोकाशी भांडत बसतो, माणूस खालून निघून जातो. हिमाद्रीत गेलेल्या आपल्या शास्त्रज्ञांनाही जून-जुलैत तसंच चालावं लागतं.

मुक्ता म्हणते, काठी नसेल तर? मग आपल्याहून उंच माणसाबरोबर चालायचं. ओंकारबरोबर जा.